खंडेनवमीला थांबवलेले डबे

"आप्पा, आता त्या ओळीच्या आधी 'सुडो' टाका."

"सुडो म्हणजे?"

"म्हणजे मी मालक आहे, मुकाट्यानं ऐक, असं मशीनला सांगायचं."

"मग हे आधी सांगायचं की! मघापासनं मला म्हणालंय, परवानगी नाही, परवानगी नाही. माझ्याच घरात!"

फोनवर वृषाली हसली. वृषाली म्हणजे माझी थोरली लेक. ती चिंचवडला, मी इचलकरंजीत स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. पुढ्यात कीबोर्ड, नाकावर चष्मा आणि शेजारी शंभर पानी वही. ती एकेक ओळ सांगायची. मी ती वहीत लिहून घ्यायचो, खाली मराठीत अर्थ लिहायचो आणि मग एका बोटानं टाइप करायचो. माझी बायको शालन ओट्याशी मेथी निवडत होती आणि दर पाच मिनिटांनी विचारत होती, "झालं का हो?"

"तुझी मेथी होते का पाच मिनिटांत?"

"माझी मेथी शिजली की कळतं तरी. तुमचं ते काळं पान काय सांगतंय कुणास ठाऊक."

सहा वर्षं झाली ह्याला. गणपती उठल्यानंतरचा रविवार होता. मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा. चाळीस वर्षं मी यंत्रमागांवर जॉबर होतो. जॉबर म्हणजे माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो. आमच्या भागात आप्पा जॉबर कुठं राहतो असं विचारलं असतंत, तर शेंबड्या पोरानंही घर दाखवलं असतं. संगणकातलं मला ओ का ठो कळत नव्हतं. पण यंत्र ते यंत्र, अशी माझी घमेंड. खोलायचं, पुसायचं, तेल द्यायचं, परत जोडायचं. त्यात काय मोठं ब्रह्मज्ञान!

मशीन आमच्या मुलाचं होतं. विश्वजितचं. घरात विश्वा. तो घर सोडून गेल्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. का गेला ते सांगून टाकतो, लपवून काय मिळणार आहे आता? पुण्यातली नोकरी गेली म्हणून तो घरी आला आणि वर्षभर त्या मशीनसमोर बसून राहिला. मी जन्मभर सकाळी सातच्या पाळीला गेलेला माणूस. माझं पोर दहाला उठून खोक्यासमोर बसतंय, आणि लोक दारात थांबवून विचारतात, "विश्वा काय करतो सध्या?" मला ते सहन होईना. एका दुपारी मी त्याला जेवायला हाक मारली. एकदा मारली, दोनदा मारली, तीनदा मारली. उत्तर नाही. माझं डोकं फिरलं. मी गेलो आणि घराचा मेन स्विच खाली ओढला.

तो आत दार लावून मुलाखत देत होता. इस्त्रीचा शर्ट घालून, नव्या नोकरीची. मला माहीत नव्हतं हो. दार उघडून तो बाहेर आला, माझ्याकडं बघितलं, आणि एक अक्षर बोलला नाही. बोलला असता, भांडला असता, तर बरं झालं असतं. तिसऱ्या दिवशी बॅग घेऊन गेला. नंबर बदलला. कुठं आहे, काय करतो, कुणाला काही माहीत नाही.

एक धागा तेवढा राहिला. रिकामा बसलेला असताना त्यानं त्या मशीनमध्ये घरातल्या फोटोंची सोय केली होती. आम्ही त्याला फोटोघर म्हणायचो. फोटो बाहेरच्या कुठल्या कंपनीकडं नाहीत, आपल्याच घरात, आणि नाव आणि पासवर्ड टाकला की जगातून कुठूनही बघता यायचे. चार नावं होती, आप्पा, आई, वृषाली आणि विश्वा. चौघांचे पासवर्ड त्यानंच ठरवून दिलेले. तो गेल्यावर पाच महिन्यांनी वृषाली काहीतरी बघत होती, तर तिला विश्वाच्या नावापुढं 'शेवटची भेट: काल' असं दिसलं. तो फोटो बघून गेला होता. त्या दिवशी शालन इतकी रडली, की मला वाटलं डॉक्टरला बोलवावं लागतंय.

तेव्हापासून ती रोज फोटो टाकायची. आज केलेली मेथीची भाजी, दारातली जास्वंद, नवीन आणलेली बादली, दाढी वाढलेला मी. आणि विश्वा महिन्या-दीड महिन्यानं येऊन बघून जायचा. सणाला तर हमखास. कधी एक शब्द लिहिला नाही, पण यायचा. आपलं पोर जिवंत आहे, आपण काय जेवलो ते त्याला दिसतंय, एवढ्यावर ती दिवस काढत होती. मीही त्यावरच काढत होतो, फक्त तोंडानं म्हणत नव्हतो.

पण तो येऊन गेला का, हे बघायचं जमायचं फक्त वृषालीला. त्यामुळं शालनचा तिला रोज फोन. "बघ गं, आला होता का?" ती ऑफिसात असो, सासूला दवाखान्यात घेऊन गेलेली असो. शेवटी वृषालीच म्हणाली, "आप्पा, आपण एक डॅशबोर्ड लावू. मशीनमध्ये काय काय चाललंय ते एका पानावर दिसेल. विश्वाचीही एक चौकट करू. आईनं भाकरी थापता थापता नुसती मान वर करून बघायचं."

म्हणून तो रविवार.

"मशीनमध्ये प्रत्येक काम वेगळ्या डब्यात चालतं," तिनं मला समजावलं. "कंटेनर म्हणतात त्याला. फोटोघराचा डबा वेगळा, दारावर नजर ठेवणाऱ्या राखणदाराचा वेगळा, आता डॅशबोर्डाचा वेगळा. एक बिघडला तरी बाकीचे चालू राहतात."

"एका शेडमध्ये आठ माग असतात तसं."

"तसंच. आणि फोटो डब्यात नाहीत बरं का. ते बाहेर, फडताळात ठेवल्यासारखे आहेत. डबा फुटला तरी फोटोंना धक्का नाही."

फोटोंना धक्का नाही. हे मी वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

पहिल्या तीन खेपा वाया गेल्या. त्या फायलीत ओळ किती जागा सोडून सुरू करायची, ह्यालासुद्धा नियम! एक जागा कमी सोडली तर अख्खं काम अडलं. "तुझ्या ह्या मशीनपेक्षा आमचे मालक बरे होते, शिवी देऊन का होईना, चूक कुठं ते तरी सांगायचे," असं मी म्हटलं. त्या फसलेल्या खेपांचे अर्धवट डबे मशीनमध्ये पडून राहिले. मग वृषालीनं मला ते काढायची ओळ सांगितली. "थांबलेले, वापरात नसलेले डबे आणि त्यांच्यातलं सामान ह्यानं निघून जातं. चालू डब्यांना हे हात लावत नाही." मी ती लिहून घेतली आणि खाली मराठीत नाव दिलं, झाडू.

दुपारी एक वाजता डॅशबोर्ड लागला. वृषालीनं मागं दिलेला जुना टॅब मी फ्रिजशेजारी भिंतीला टेकवून ठेवला. त्यावर चार चौकटी. फोटोघर, डिस्कमधली जागा, राखणदार आणि विश्वा. विश्वाच्या चौकटीत लिहिलेलं, 'शेवटची भेट: १२ दिवसांपूर्वी'.

शालन हात पुसत आली आणि उभी राहिली.

"हे आपोआप बदलणार?"

"आपोआप."

"मी वृषूला फोन करायचा नाही?"

"आई, कर गं," फोनमधून वृषाली म्हणाली, "पण दुसरं काहीतरी बोलायला कर." मग मला म्हणाली, "आप्पा, ती राखणदाराची चौकट बघा. जगभरचे चोर सारखे दारं ढकलून बघत असतात. कुणी चुकीचं नाव टाकून घुसायला बघितलं की तिथला आकडा लाल होईल. शेजारी बटण आहे. दाबलं की तो जिथनं आला तो पत्ता कायमचा बंद."

मला भारी वाटलं, खोटं कशाला बोलू. गल्लीतल्या चौघांना घरी बोलावून दाखवलं. शालननं माझ्या हातावर साखर ठेवली. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी ती पिठाच्या हातानं ओरडली, "अहो, आज! आज लिहिलंय!" मी धावत गेलो. विश्वाच्या चौकटीत 'शेवटची भेट: आज'. आम्ही दोघं त्या टॅबसमोर उभे राहिलो, आणि मी तिच्यादेखत डोळे पुसले. एवढा आनंद त्या घरात परत झाला नाही.

मग खंडेनवमी आली.

इचलकरंजीत खंडेनवमी म्हणजे काय, ते तिथं राहिल्याशिवाय कळायचं नाही. बारा महिने चोवीस तास खडखडणारं गाव त्या दिवशी थांबतं. माग धुवायचे, सांध्यासांध्यातला कापूस काढायचा, तेल द्यायचं, ऊस बांधायचे, झेंडूचे हार घालायचे. आणि यंत्राला विश्रांती द्यायची. चालू यंत्राला हळदकुंकू लावायचं नाही, हा नियम. मी चाळीस वर्षं तो पाळला. मागची तीन वर्षं मात्र विश्वाच्या मशीनला आम्ही चालूवरच हार घालत होतो, कारण शालन त्याला बंद करू देत नव्हती. "तो यायचा आणि बंद दिसायचं," म्हणायची. मला ते खटकायचं. लोखंडाच्या मागाला विश्रांती आणि पोराच्या मशीनला नाही?

ह्या वर्षी मी शहाणा झालो होतो. तिला म्हटलं, "अगं, मशीन बंद करत नाही. नुसते आतले डबे थांबवतो. उद्या सकाळी सोनं लुटायच्या आत परत चालू."

"एकच रात्र ना?"

"एकच रात्र."

"बघा हं."

मी एकेक डबा थांबवला. फोटोघर, राखणदार, डॅशबोर्ड. टॅब काळा झाला. मशीनचं झाकण काढून ब्रशनं धूळ झाडली, पंख्याची जाळी पुसली. मग मनात आलं, बाहेरून झालं, आतलं काय? नुसता वरून फडका मारणाऱ्या जॉबरला आम्ही जॉबर म्हणत नाही. मी वही काढली, झाडूची ओळ शोधली आणि टाइप केली. मशीननं विचारलं, नक्की का? मी 'हो' दाबलं. भराभर ओळी पळाल्या. खाली आलं, इतकी इतकी जागा मोकळी झाली. मला बरं वाटलं. मी हळदकुंकू लावलं, हार घातला, नारळ ठेवला आणि झोपलो.

माझ्या धंद्यात थांबलेलं यंत्र म्हणजे विसाव्याला बसलेलं यंत्र. त्या मशीनच्या लेखी जे थांबलेलं ते टाकाऊ. चालू डब्यांना झाडू हात लावत नाही, असं वृषाली म्हणाली होती. त्या रात्री चालू असलेला डबा एकही नव्हता.

दसऱ्याला सकाळी सहाला डबे चालू करायला बसलो, तर चालू करायला काही शिल्लकच नाही. यादी रिकामी. शालन बाहेर रांगोळी काढत होती. वृषालीला फोन करायला हवा होता. केला नाही. लेकीपुढं मान खाली जाईल म्हणून केला नाही, दुसरं काही कारण नव्हतं. वही होती ना, तिन्ही डब्यांच्या ओळी वृषालीनं तेव्हाच लिहून घ्यायला लावल्या होत्या! पहिल्या पानापासून सुरुवात केली. सुडो, ही ओळ, ती ओळ, जागा मोजून मोजून. साडेनऊला फोटोघर उघडलं, पण ते नवं असल्यासारखं विचारायला लागलं, तुमचं नाव काय? मी 'आप्पा' टाकलं. पासवर्ड विश्वानं पूर्वी दिलेलाच ठेवला, कारण मला दुसरा कुठला पाठ नव्हता. मग वहीत बघून फडताळाचा पत्ता दिला. आणि एकेक करून फोटो यायला लागले. मेथीची भाजी, जास्वंद, बादली. तीन वर्षांतले सगळे. मी खुर्चीत मागं टेकलो आणि देवाला हात जोडले.

शालनचं नाव घातलं. "तुझा पासवर्ड काय होता गं?"

"मला कुठं माहीत? विश्वानं एकदा माझ्या फोनमध्ये घालून दिला, परत कधी कुणी विचारला नाही. का हो?"

"काही नाही, सणाचं जरा नवीन लावलंय. काय ठेवू?"

"विश्वाच्या वाढदिवसाची तारीख ठेवा. ती मी मेले तरी विसरणार नाही."

ठेवली. वृषालीचं ती आल्यावर घालेल म्हणून सोडलं. आणि विश्वाचं? खरं सांगतो, मला वाटलं, विश्वाचं खातं विश्वाकडं. त्याच्या फोनमध्ये, त्याच्या खिशात असेल तसं. ते मी घालायचं असतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

राखणदार आणि डॅशबोर्डही वहीत बघून लावले, आणि टॅब परत उजळला. शालननं मान वर केली. "विश्वाच्या चौकटीत नुसती रेघ का आलीय?"

"नवीन आहे ना. तो आला की भरेल."

"आज येईल. दसरा चुकवत नाही तो." आणि तिनं बासुंदीची वाटी उजेडात ठेवून तिचे चार फोटो काढले, चौथा बरा आला म्हणाली, तो टाकला.

साडेअकरा वाजून गेले असतील. मी मशीनसमोर पाट मांडून पूजा करत होतो. हळद, कुंकू, आपट्याची पानं. सहज टॅबकडं बघितलं, तर राखणदाराच्या चौकटीत लाल एक. बघता बघता दोन. मी उठून जवळ गेलो. तीन.

"शालन, अगं इकडं ये! कुणीतरी दार ढकलतंय."

"कुठलं दार?"

"मशीनचं. चोर आहे. बघ, चुकीचं नाव टाकून घुसायला बघतोय."

"अगंबाई! मग?"

"मग काय? मी कशाला बसलोय इथं?"

मी बटण शोधत होतो, तेवढ्यात चार झाले. खाली पत्त्याचे नुसते आकडे होते, कुठलं नाव नाही. मी बटण दाबलं. लाल गेलं, हिरवं आलं. मला इतका आनंद झाला! चाळीस वर्षांत एवढा मोठा बिघाड कधी एका बोटानं काढला नव्हता.

"गेला?"

"गेला. कायमचा बंद केला. आता जन्मात येत नाही परत."

"बरं झालं बाई. सणाच्या दिवशी मेले," शालन म्हणाली. मग तिनं मला हार घातलेल्या मशीनशेजारी उभं केलं आणि माझा फोटो काढला. संध्याकाळी सोनं द्यायला आलेल्या प्रत्येकाला मी ती चोराची गोष्ट सांगितली. शेजारच्या नारायण मास्तरांना तर दोनदा.

विश्वाच्या चौकटीतली रेघ त्या दिवशी बदलली नाही. दुसऱ्या दिवशी नाही. कोजागिरी झाली, तरी नाही. शालन परत वृषालीला फोन करायला लागली, पण वृषालीची सासू त्या महिन्यात दवाखान्यात, ती म्हणाली, "दिवाळीला येते तेव्हा बघते." शालन भाकरी करपवायला लागली. एकदा मला म्हणाली, "आजारी तर नसेल?" मी तिच्यावर खेकसलो. मला भीती वाटली की मी खेकसतो, हे तिला लग्नापासून माहीत आहे.

वसुबारसेला दुपारी वृषाली आली. चहा घेतला आणि मशीनसमोर बसली. मी मागं उभा. नवमीचं मी तिला सगळं सांगितलं, झाडूसकट. तिनं माझ्याकडं वळून बघितलं नाही.

"आप्पा, विश्वाचं खातं कुठाय?"

"असेल की. त्याचं त्याच्याकडं."

"त्याच्याकडं कसं असेल? नावं इथं असतात. डब्यात."

"तूच म्हणालीस, डबा फुटला तरी धक्का नाही."

"फोटोंना नाही म्हणाले होते, आप्पा. फोटो बाहेर होते. नावं आत होती. म्हणजे दसऱ्यापासनं विश्वा ह्या घरात नाहीच आहे."

मग तिनं राखणदार उघडला. चौकटीत नुसता आकडा दिसायचा. आत सगळं लिहिलेलं असतं, वेळ, नाव, काय झालं ते. हे मला तिनं कधी दाखवलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. ती बराच वेळ वाचत बसली. वाचण्यासारखं फार नव्हतं, दसऱ्याच्या पाचच ओळी होत्या.

"तो चोर होता," मी म्हटलं. "दसऱ्याला. मी बंद केला त्याला."

"आप्पा, चोर ॲडमिन टाकतात, टेस्ट टाकतात, असली नावं टाकतात. ह्यानं काय टाकलंय बघा."

तिनं खुर्ची बाजूला घेतली. मी चष्मा पुसला आणि वाचलं. अकरा बेचाळीस, विश्वा. अकरा त्रेचाळीस, विश्वा. अकरा सत्तेचाळीस, विश्वा. अकरा एक्कावन्न, आई. त्याखाली अकरा त्रेपन्न, पत्ता बंद केला. तो मी.

शालन कधी येऊन दारात उभी राहिली, ते आम्हांला कळलं नाही. हातात धुतलेल्या पणत्यांचं ताट होतं.

"तो आला होता?" तिनं विचारलं.

वृषाली ते पान बंद करायला बघत होती.

"वृषू, आला होता का?"

"हो आई. दसऱ्याला."

"मग मशीननं काय सांगितलं त्याला?"

"आई, असू दे ना."

"काय सांगितलं?"

"असं कुणी इथं नाही, म्हणून."

"तीनदा?"

"तीनदा."

"आणि चौथ्यांदा?"

"चौथ्यांदा त्यानं तुझं नाव टाकलं. तुझा पासवर्ड त्याला माहीत होता ना, जुना. पण तो बदललेला."

शालननं ताट टेबलावर ठेवलं. पणत्या नीट एका ओळीत लावल्या. मला वाटलं आता ती मला बोलेल. बोलायला हवं होतं. मी तिथं उभा राहून वाटच बघत होतो.

वृषालीनं लगेच बंद केलेला पत्ता उघडला. विश्वाचं नाव परत घातलं. "पासवर्ड काय ठेवू?" असं तिनं विचारलं आणि आम्ही तिघं एकमेकांकडं बघत राहिलो, कारण त्याचा पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. तो पत्ताही एका मोबाईल कंपनीचा निघाला, लाखो लोकांचा तोच, त्यावरून माणूस सापडत नाही. शेवटी दाराच्या पानावरच तिनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'विश्वा, तुझं नाव चुकून गेलं. आम्ही काढलं नाही. ताईला फोन कर.' खाली तिचा नंबर. ते पान तसंच आहे. सहा वर्षांत तिथं चोर आले, ॲडमिन आले, टेस्ट आले. विश्वा आला नाही. शालन पहिलं वर्षभर रोज फोटो टाकत होती. मग आठवड्यानं टाकायला लागली. आता विचारलं तर म्हणते, "टाकते की," आणि टाकत नाही.

त्या वसुबारसेला दिवेलागणीला वृषाली अंघोळीला गेली, तेव्हा आम्ही दोघंच राहिलो स्वयंपाकघरात. दुपारपासून एक गोष्ट माझ्या डोक्यात घुमत होती. मला ती कुणाला तरी विचारायचीच होती, आणि शालनशिवाय मला दुसरं कोण आहे?

"शालन," मी म्हटलं, "माझा पासवर्ड मी बदलला नव्हता. त्यानं दिलेला तोच आहे अजून. पाचव्यांदा त्यानं माझं नाव टाकलं असतं, तर उघडलं असतं गं. फोटो दिसले असते, बासुंदी दिसली असती. मी दोनच मिनिटांत बंद केलं. बंद केल्यावर त्यानं काय टाकलं ते मशीन लिहून ठेवत नाही, वृषू म्हणाली. टाकलं असेल का गं त्यानं?"

शालन कणीक मळत होती. हात थांबवून तिनं माझ्याकडं बघितलं. दुपारपासून पहिल्यांदाच बघितलं. राग नव्हता तिच्या तोंडावर. मला धीर द्यायचा म्हणूनच ती बोलली, हे मला तेव्हाही कळत होतं.

"एवढं नका जिवाला लावून घेऊ," ती म्हणाली. "तुमचं नाव त्यानं टाकलंच नसतं."